फलित अंडे आणि निरोगी अंडे : वऱ्हाडातील रेशीमबीजाविषयी एक संवाद

अमरावती, अकोला आणि त्यांच्या आसपासच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात तुती लावून रेशीम कोष काढणारा शेतकरी जवळजवळ सर्व गोष्टी स्वतःच्या हाताने उभ्या करतो. तुतीची बाग त्याची असते, कीटक संगोपनगृह त्याचे असते, पाला कापून आणणारे हात बहुधा घरचेच असतात, परंतु ज्या अंड्यांपासून हे सारे सुरू होते ती अंडी मात्र तो स्वतः तयार करत नाही. ती कर्नाटकातील बीजागारांतून किंवा महाराष्ट्राच्या रेशीम संचालनालयाच्या गडहिंग्लज येथील केंद्रातून, कित्येकशे किलोमीटरांचा प्रवास करून वऱ्हाडात येतात. एका मादी पतंगाने घातलेल्या साधारण चारशे ते पाचशे अंड्यांच्या समूहाला अंडीपुंज म्हणतात आणि त्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होऊन ती रोगमुक्त ठरली तरच तिचा पुंज विकता येतो. बीजाचे उत्पादन आणि विक्री हा व्यवहार २००६च्या दुरुस्ती कायद्याने आणि २०१०च्या बीज नियमावलीने केंद्रीय रेशीम मंडळाच्या नोंदणीखाली आला असल्याने, शेतकऱ्याने नोंदणीशिवाय पतंग पाळून अंडी विकावीत अशी मुभा उरलेली नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की हातात आलेली अंडी फलित आहेत की नाहीत, हे पारखण्याचे ज्ञान तरी त्याच्याकडे असावे की नसावे.

या प्रश्नावरच्या दोन भूमिका पुढे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी मांडल्या आहेत. एक आहेत अमरावतीचे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. अंड्याची पारख हे प्रयोगशाळेचे काम असून शेतकऱ्याने त्यात पडणे म्हणजे अर्धवट ज्ञानावर मोठे निष्कर्ष काढणे होय, असे त्यांचे मत आहे. दुसरा अकोला जिल्ह्यात चॉकी केंद्र चालवणारा शेतकरी आहे. अंडी उबवून, अळ्यांच्या पहिल्या दोन अवस्था नियंत्रित तापमानात आणि कोवळ्या पाल्यावर वाढवून, दुसऱ्या कातीनंतर त्या इतर शेतकऱ्यांना द्यायच्या, हा चॉकी केंद्राचा व्यवसाय आहे. अंडी कमी फुटली तर बीजागार दूर असते आणि चॉकीवाला समोर असतो, म्हणून दोष त्याच्याच माथी येतो; त्याच्या आग्रहामागे हे कारण आहे आणि ते क्षुल्लक मानता येणार नाही.

शेतकरी : सर, पेरणीच्या आधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती उगवतात ते मोजावे, हे कृषी विभागाची माणसे दर मे महिन्यात गावोगाव सांगतात. सत्तरपेक्षा कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच कमी उगवले तर ते बियाणे पेरायचेच नाही, एवढा हिशेब आता वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. जो शेतकरी दाण्याची उगवण तपासू शकतो, त्याला अंड्याची का तपासता येऊ नये?

प्राध्यापक : कारण दाणा थांबतो आणि अंडे थांबत नाही, भाऊ. शंभर दाणे गोणपाटात उगवत असताना उरलेली पिशवी कोठीत निश्चल पडून असते. उबवणीला लागलेल्या अंड्यांचा नमुना फुटेपर्यंत वाट पाहिली, तर त्याच दिवशी उरलेली अंडीही फुटतात. चाचणीचा निकाल हाती येतो तेव्हा निर्णय घेण्याची वेळ टळून गेलेली असते. शिवाय दाणा उगवला की त्याचे काम झाले, पण अंडे फुटले म्हणजे अळी निरोगी आहे असे मुळीच सिद्ध होत नाही.

प्राध्यापकांचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याकडे पुढे वळावेच लागेल. तथापि त्याआधी फलन म्हणजे नेमके काय घडते हे स्पष्ट असले पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचे बरेचसे मतभेद तेथूनच उगवतात. रेशीम पतंगाचे अंडे मादीच्या पोटात असताना फलित झालेले नसते. मीलनात नराकडून मिळालेले शुक्राणू मादी आपल्या शरीरातील शुक्राशय नावाच्या लहानशा पिशवीत साठवते आणि अंडे बाहेर पडण्याच्या सुमारास, त्याच्या टोकावरील सूक्ष्म छिद्रातून शुक्राणू आत शिरतात. नर व मादी केंद्रकांचा संयोग तर त्यानंतर काही तासांनी, अंडे कागदाला चिकटून बसलेले असताना होतो. म्हणूनच बीजागारात पहाटे बाहेर पडलेल्या पतंगांच्या जोड्या जुळल्यावर त्यांना तीन ते चार तास एकत्र राहू देतात आणि नंतर हलक्या हाताने विलग करून मादीला अंडी घालण्यासाठी अंधारात ठेवतात. नर थंड जागी ठेवून दुसऱ्या मादीसाठी पुन्हा वापरता येतो. मीलन अपुरे झाले, नर दुबळा असला किंवा तो फार वेळा वापरला गेला, तर त्याच पुंजात फलित आणि अफलित अंडी शेजारी शेजारी सापडतात. ज्या मादीचे मीलन झालेच नाही तीही अंडी घालते, मात्र उशिरा आणि थोडी; त्यामुळे कागदावर अंडी दिसतात यावरून ती फलित आहेत असे समजणे चुकीचे ठरते.

शेतकरी : मग नरातच दोष असला तर मादीची तपासणी करून काय उपयोग?

प्राध्यापक : मादीची तपासणी रोगासाठी असते, फलनासाठी नसते. नराचा दोष बहुतेक वेळा उष्णतेचा असतो. शुक्राणू तयार होण्याचे काम अळी मोठी झाल्यापासून कोषातल्या दिवसांपर्यंत चालू असते आणि या काळात तापमान सतत ३२–३३ अंशांच्या पुढे राहिले, तर विशेषतः दुबार, म्हणजे वर्षातून नैसर्गिकरीत्या दोन पिढ्या होणाऱ्या, जातींचे नर बाहेरून धडधाकट दिसूनही वंध्य निघतात. ते पंख फडफडवतात, मादीला बिलगतात, मीलनही पूर्ण होते, परंतु अंडी पिवळीच राहतात.

येथे वऱ्हाडाच्या हवामानाचा संबंध थेट येतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नित्याची गोष्ट असून अमरावतीही फारशी मागे नसते. कोष काढणारा शेतकरी कडक उन्हाळ्यात बॅच घेण्याचे टाळू शकतो, पण बीज तयार करणाऱ्याला मागणी जून-जुलैत पुरवायची असल्याने त्याच्या बीजकोषांचे दिवस नेमके उन्हाळ्यात पडतात. पूर्ण वाढलेल्या अंड्यांना उष्णता लागली तर नुकसान त्या अंड्यांपुरते राहते. नराच्या कोषावस्थेत लागलेली उष्णता पुढल्या पिढीच्या हजारो अंड्यांना भोवते आणि तिची कसलीही खूण नराच्या अंगावर राहत नाही. बीजोत्पादन थंड हवेच्या प्रदेशात करावे असा जो आग्रह रेशीमशास्त्रात धरला जातो, त्याचे मूळ येथे आहे. याच कारणाने चिखलदऱ्याची आठवण निघणे स्वाभाविक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे ठिकाण अमरावती जिल्ह्यातच आहे आणि तेथे बीजागार का होऊ नये, असा शेतकऱ्याचा सवाल असतो. प्राध्यापकांच्या मते थंडी ही अनेक अटींपैकी एकच अट आहे. बीजकोषांसाठी राखलेली स्वतंत्र तुती, रोगाचा मागमूस नसलेला परिसर आणि सूक्ष्मदर्शकावर रोज तासन् तास बसणारी प्रशिक्षित माणसे डोंगराच्या हवेबरोबर आपोआप मिळत नाहीत. हा आक्षेप योग्य असला तरी त्याने प्रश्न निकालात निघत नाही, कारण तुती आणि माणसे आणता येतात. हवा मात्र आणता येत नाही.

आता ओळखण्याचा प्रश्न. रेशीम अंडे सुमारे सव्वा मिलिमीटर लांब, चपटे आणि लंबगोल असते. एका ग्रॅममध्ये अशी सतराशे ते दोन हजार अंडी भरतात. घातले त्या वेळी ते फिकट लिंबू रंगाचे असते. दुबार जातीच्या मादीने घातलेले फलित अंडे दुसऱ्या दिवशी लालसर छटा धरते, मग तपकिरी होते आणि अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत करड्या-जांभळ्या गडद रंगावर येऊन थांबते. हा रंग कवचाचा नसतो. कवचाखाली, गर्भाला वेढून असलेल्या पातळ पडद्याच्या पेशींत रंगद्रव्य साठते आणि ते पारदर्शक कवचातून दिसते. अफलित अंड्यात तो पडदाच तयार होत नाही, म्हणून ते पिवळे राहते आणि काही दिवसांत मधोमध खचून, सुरकुतून, सुकून जाते. तीन दिवसांच्या अशा कागदावर भिंग धरले तर गडद दाण्यांच्या गोल पुंजात पिवळी अंडी एखाद्या नवशिक्यालाही मोजता येतात.

शेतकरी : मग एवढे सोपे असताना अडचण कुठे आहे?

प्राध्यापक : अडचण अशी आहे की हा रंग तुमच्या केंद्रात येणाऱ्या अंड्यांवर बहुधा दिसणारच नाही.

त्यांच्या या उत्तरामागे रेशीम अंड्याचे एक विलक्षण वैशिष्ट्य आहे. गडद रंग धरलेले दुबार अंडे सुप्तावस्थेत जाते, म्हणजे त्याच्या आतील गर्भाची वाढ थांबते आणि थंडीचा काळ लोटल्याशिवाय ते फुटत नाही. अंडे सुप्त व्हावे की नाही याचा हुकूम आईच्या डोक्याजवळील एका मज्जाग्रंथीतून स्रवणाऱ्या संप्रेरकाने जातो, हे जपानमध्ये हासेगावा आणि फुकुदा यांनी १९५१मध्ये दाखवून दिले. आणि ते संप्रेरक स्रवेल की नाही हे ती आई स्वतः अंड्यात असताना तिला किती उष्णता व किती उजेड मिळाला यावर अवलंबून असते. २५ अंशांच्या आसपास, भरपूर उजेडात उबवलेल्या मादीची अंडी सुप्त होतात, तर १५ अंशांत आणि अंधारात उबवलेल्या मादीची होत नाहीत. शेतकऱ्याला सुप्त अंडी देऊन उपयोग नसल्यामुळे बीजागारात अंडी घातल्यापासून साधारण वीस तासांनी ती हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात; १.०७५ विशिष्ट गुरुत्वाचे आम्ल, ४६ अंश तापमान आणि पाच मिनिटे हे त्याचे रूढ प्रमाण आहे. सुप्तावस्था येण्याआधीच मोडल्यामुळे अशा अंड्यांवर गडद रंग चढत नाही आणि दहा-अकरा दिवसांत ती फुटतात. दुसरीकडे, म्हैसूर ही बहुवार जात आई आणि दुबार जात बाप असलेल्या संकराची अंडी मुळातच सुप्त होत नाहीत, कारण निर्णय आईचा असतो. तीही शेवटच्या दिवसांपर्यंत फिकटच राहतात.

म्हणजे वऱ्हाडात येणारे अंडे, मग ते आम्लप्रक्रिया केलेल्या दुबार संकराचे असो वा बहुवार-दुबार संकराचे, फलित असूनही पिवळसर दिसते आणि रंगावरून अफलित अंडे वेगळे काढण्याची पुस्तकी रीत नेमकी तेथेच निरुपयोगी ठरते. अशा अंड्यांत खरी खूण दिसते ती सातव्या-आठव्या दिवशी, जेव्हा गर्भाचे डोके काळे पडून कवचातून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उमटतो. त्याच्या पुढच्या दिवशी अळीचे अंग गडद झाल्याने सारे अंडे निळसर होते. या निळ्या अवस्थेत अंडी काळ्या कागदात किंवा पेटीत अंधारात ठेवतात आणि फुटण्याच्या सकाळी उजेडात आणतात, म्हणजे आधी तयार झालेल्या अळ्या अंधारात थोपून राहतात आणि सर्व एकदम बाहेर पडतात. त्या वेळी जे अंडे निळे झालेले नाही ते फुटणार नाही, एवढे निश्चित सांगता येते. मात्र का फुटणार नाही, हे सांगता येत नाही.

शेतकरी : ठिपका दिसला की ते फलित, हे तरी मान्य कराल?

प्राध्यापक : व्यवहारापुरते मान्य, शास्त्र त्यातही सावध आहे. तिखोमिरोव या रशियन संशोधकाने १८८६मध्ये मीलन न झालेल्या मादीची अंडी ब्रशने घासून किंवा आम्लात बुडवून त्यांतील गर्भाची वाढ सुरू करून दाखवली होती आणि पुढे अस्ताउरोव यांनी अफलित अंड्यांना ४६ अंशांच्या पाण्यात अठरा मिनिटे ठेवून त्यांतून आईसारख्याच माद्या मोठ्या संख्येने मिळवल्या. रंग म्हणजे वाढ सुरू झाल्याची खूण, फलनाची नव्हे. तुमच्या केंद्रात असे काही घडणार नाही हे खरे, पण डोळ्यांना दिसते ते आणि सिद्ध होते ते यांत अंतर असते, एवढे ध्यानात राहावे.

येथपर्यंत संवादाचा कल प्राध्यापकांच्या बाजूने दिसतो आणि त्यांचा मघाचा दुसरा मुद्दा तो आणखी झुकवतो. पेब्रिन नावाचा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि तो आईच्या अंडाशयातून थेट अंड्यात उतरतो. अशी पुष्कळ अंडी फलित असतात, निळी होतात आणि फुटतातही. अळ्या मात्र लहानमोठ्या निघतात, कात टाकताना मागे पडतात आणि त्यांच्या विष्ठेतून रोग साऱ्या रॅकवर पसरून बॅच कोषापर्यंत पोहोचत नाही. फ्रान्समधील रेशीमधंदा या रोगाने मोडकळीला आला तेव्हा १८६५मध्ये लुई पाश्चर आलेस येथे गेले आणि पाच वर्षांच्या कामातून त्यांनी जी रीत घालून दिली तीच आजही प्रत्येक बीजागारात चालते : प्रत्येक मादीला अंडी घालण्यासाठी स्वतंत्र जागा द्यायची, अंडी घालून झाल्यावर तिला चिरडून तो द्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि लंबगोल, चकाकणारे बीजाणू दिसले तर तिचा पुंज जाळून टाकायचा. हे बीजाणू तीन-चार मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट-चौपट, लांबीचे असतात. साध्या भिंगाला ते कधीच सापडत नाहीत. अंडे फलित आहे की नाही हे पारखायला शिकलेला शेतकरी उद्या घरच्या कोषांतून पतंग काढून अंडी धरील आणि ती छान फुटलेली पाहून समाधान मानील, ही प्राध्यापकांची खरी धास्ती आहे.

शेतकरी : पण भंडारा-गडचिरोलीकडे टसर काढणारी ढीवर कुटुंबे पिढ्यानपिढ्या बीजकोष स्वतः राखतात, कोषांच्या माळा करून टांगतात आणि पतंग निघाले की अंडी धरतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्यांची अळी वाढतेच ना?

प्राध्यापक : वाढते, पण त्याच पट्ट्यात पेब्रिन कायमचा मुक्कामाला आहे, हेही त्याच कुटुंबांना विचारा. शिवाय टसरचा पतंग स्वतंत्र जात आहे, त्याची पुढची पिढी मागच्यासारखीच निघते. तुमच्याकडे येतो तो संकर असतो. कृष्णराजा घ्या, त्यात सीएसआर ६ आणि सीएसआर २६ यांचा संकर एकीकडे, सीएसआर २ आणि सीएसआर २७ यांचा दुसरीकडे, आणि त्या दोन संकरांचा पुन्हा संकर, अशी चार घराणी एकत्र येतात. त्याच्या कोषांतून पतंग काढून अंडी धरली तर ही घराणी पुन्हा विस्कटतात. कोणी अळी चार दिवस आधी कोषावर जाते, कोणी मागे राहते, कोषांचे आकार आणि धाग्याची लांबी जुळत नाही, आणि बाजारात असल्या कोषाला भाव मिळत नाही. संकराचा गुण पहिल्या पिढीपुरता असतो, हे तोयामा कामेतारो यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रेशीम अळीवरच दाखवून दिले, आणि संकरित कपाशीची सरकी धरून पेरणाऱ्याला ते निराळे सांगायची गरज नाही.

टसरच्या अंड्याविषयी एक गोष्ट येथे जोडणे आवश्यक आहे. ते तुतीच्या रेशीम अंड्यापेक्षा कितीतरी मोठे, सुमारे तीन मिलिमीटरचे असते आणि त्यावर मादीच्या तपकिरी चिकट स्रावाचा थर असल्याने आतला बदल बाहेरून दिसत नाही. म्हणजे ज्या टसरचे उदाहरण शेतकरी देतो, तेथे डोळ्यांनी पारख करणे तुतीच्या अंड्यापेक्षाही कठीण आहे, आणि ती कुटुंबे अंड्यावरून नव्हे तर पतंगांच्या जोड्या रात्रभर नीट जुळल्या की नाही यावरून अंदाज बांधतात. अनुभवातून आलेली ही सावधगिरी प्रयोगशाळेच्या सावधगिरीहून कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

शेतकऱ्याचे म्हणणे यानंतर अधिक नेमके होते आणि संवादाला खरे वळण तेथे मिळते. पतंग पाळण्याचा त्याचा हट्ट नाही. अंडी फुटून झाल्यावर उरलेला कागद तो फेकत नाही. त्या कागदावर पांढरी, पारदर्शक टरफले असतात, त्यांच्या एका टोकाला अळीने कुरतडलेले भोक असते, आणि त्यांच्या मध्ये न फुटलेली अंडी तशीच चिकटलेली राहतात. भिंगाखाली ती एकसारखी नसतात. काही पिवळी, सपाट, कडेला वळकटी पडलेली असतात. काहींत रंग सुरू होऊन थांबलेला असतो. काहींत अळीचे काळे डोके आणि गुंडाळलेले अंग पूर्ण तयार होऊन आतच वाळलेले असते. पहिली अंडी बहुधा अफलित, दुसरी वाटेत किंवा प्रक्रियेत मेलेली आणि तिसरी उबवणीच्या अखेरच्या दिवसांत, बहुधा कोरड्या हवेने मेलेली, असे त्याचे वाचन आहे. उबवणीच्या खोलीत ७५ ते ८० टक्के आर्द्रता लागते आणि वऱ्हाडात फेब्रुवारीनंतर ती ओली पोती टांगूनही टिकवणे कठीण जाते, हे पाहता तिसऱ्या गटाचा दोष तो स्वतःकडे घेतो. बाकी दोन गटांचा दोष मात्र त्याच्याकडे येता कामा नये, एवढीच त्याची मागणी आहे.

प्राध्यापक : वाचन चांगले आहे, पण पहिल्या आणि दुसऱ्या गटातली सीमा तुम्ही समजता तेवढी ठळक नाही. आम्लप्रक्रिया केलेले अंडे पहिल्या दोन दिवसांत मेले तर तेही पिवळेच राहते आणि तसेच खचते. पिवळ्या अंड्यांची संख्या ही अफलित अंड्यांची कमाल मर्यादा असते, खरी संख्या नव्हे.

शेतकरी : पण सर, ती पिवळी अंडी कागदावर कुठे आहेत हे बघितले तर? वीस पुंजांच्या कागदात सोळा पुंज स्वच्छ फुटले आणि चार पुंज जवळजवळ अख्खे पिवळे राहिले, तर गाडीतली उष्णता काय फक्त त्या चार मादींच्या अंड्यांवर बसली? आणि सगळ्याच पुंजांत दहा-पंधरा टक्के सारखी पसरलेली असली, तर मादी-नराला दोष कशाला द्यायचा?

शेतकऱ्याचा हा युक्तिवाद संपूर्ण चर्चेतील सर्वांत सबळ युक्तिवाद मानला पाहिजे, आणि तो कोणत्याही सूक्ष्मदर्शकाविना उभा राहतो. मीलनाचा, नराच्या वंध्यत्वाचा दोष एकेका मादीपुरता असतो, म्हणून तो कागदावर पुंजापुंजाने दिसतो. प्रवासाचा, आम्लाचा किंवा खोलीचा दोष सर्वांना सारखा लागतो, म्हणून तो विखुरलेला दिसतो. एका अंड्याकडे पाहून जे प्राध्यापकांनाही ठरवता येत नाही, ते अंड्यांच्या मांडणीकडे पाहून चॉकीवाल्याला ठरवता येते. प्राध्यापक हे मान्य करतात आणि त्यांच्या भूमिकेतील ताठरपणा येथे कमी होतो. पतंगाची पैदास शेतकऱ्याने करू नये या मतावर मात्र ते ठाम राहतात आणि पेब्रिनचा विचार करता ते ठाम राहणेच योग्य आहे.

तथापि याच युक्तिवादाच्या आड एक नवी सोय येते. अलीकडे अंडी कागदाला चिकटलेली न देता सुटी देण्याची रीत वाढत आहे. खळ लावलेल्या कागदावर अंडी घालून घेतात, पाण्याने ती सोडवतात आणि ठरावीक घनतेच्या मिठाच्या पाण्यात टाकतात. हलकी, अफलित व मेलेली अंडी वर तरंगतात, ती काढून टाकून तळाशी बसलेली अंडी धुऊन, वाळवून, मोजून डबीत भरतात. अफलित अंडी विक्रीपूर्वीच वगळली जातात, संख्या नेमकी मिळते आणि डबीला जागा कमी लागते, हे सारे फायद्याचे आहे. परंतु शेकडो माद्यांची अंडी एकत्र मिसळल्याने पुंजांची मांडणी पुसली जाते आणि शेतकऱ्याने मांडलेला पुरावाच नाहीसा होतो.

शेतकरी : डबीवर तारीख असते, लॉट क्रमांक असतो. आम्ल कोणत्या दिवशी दिले आणि तरंगलेली अंडी शेकडा किती निघाली, हे दोन आकडे तेवढे छापायला काय हरकत आहे?

प्राध्यापक : पहिला छापायला मुळीच हरकत नसावी, कारण त्यावरून ठिपक्याचा दिवस आणि फुटण्याचा दिवस तुम्हाला मोजता येईल. दुसरा आकडा विक्रेत्याने स्वतःच स्वतःबद्दल दिलेला असेल, त्यावर किती विसंबायचे ते तुम्ही ठरवा. त्यापेक्षा डबीतली दोनशे अंडी काळ्या कागदावर पातळ खळीने चिकटवा, ती त्याच खोलीत उबवा आणि निळ्या अवस्थेत मोजा. मांडणी मिळणार नाही, प्रमाण मिळेल.

शेतकरी : आणि प्रत्येक लॉटबरोबर त्याच लॉटमधल्या मादींचे दहा पुंज कागदावरच राहू दिले तर? त्या दहांचे पैसे चॉकीवाला देईल. फुटून झाल्यावर कागद बीजागाराने परत मागवावा आणि त्यावर काय दिसते ते त्यांच्याच माणसाने पाहावे; अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवार फेरीला माणसे येतात तेव्हा असले दोन कागद शेजारी शेजारी मांडून दाखवले, एक पुंजापुंजाने पिवळा राहिलेला आणि एक सर्वत्र विखुरलेला, तर पुन्हा कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

प्राध्यापक याला संमती देतात, पण एक अट घालतात. कागदाबरोबर उबवणीच्या दहाही दिवसांची, सकाळ-संध्याकाळच्या तापमानाची आणि आर्द्रतेची नोंद गेली पाहिजे आणि ती चॉकीवाल्याने स्वतःच्या हाताने, त्या त्या वेळी लिहिलेली असली पाहिजे, कारण खोलीची नोंद नसलेला कागद बीजागाराच्या माणसाने का मानावा, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. शेतकरी ही अट मान्य करतो आणि लगेच विचारतो की अंडी बीजागारातून निघाल्यापासून चॉकी केंद्राच्या दारात पोहोचेपर्यंतच्या प्रवासातली तीच नोंद कोणी ठेवायची.